फौजेचा पगार आणि वऱ्हाडचे गहाण

लष्करी बळाचा इतिहास आपल्याकडे लढायांच्या रूपाने शिकवला जातो. कोण जिंकले, कोण हरले, तोफा किती होत्या. फौज नुसती उभी ठेवायला किती पैसा लागतो आणि तो कुणाच्या घामातून येतो, हा प्रश्न सहसा परीक्षेत येत नाही. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात शिकवतो. माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिलाच. मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, कारण आमचा जिल्हा ब्रिटिशांच्या हाती गेला तो एका फौजेचा पगार थकला म्हणून.

इथे लढाई झालीच नाही असे नाही. १ जानेवारी १८१८ ला कोरेगाव झाले. ते या वाचकांना सांगायला नको. त्याच युद्धात पळता पळता दुसरा बाजीराव वऱ्हाडात आला आणि एप्रिल १८१८ मध्ये पांढरकवड्याजवळ कर्नल अ‍ॅडम्सने त्याच्या फौजेचा पराभव केला. पण त्यामुळे हा मुलूख इंग्रजांचा झाला नाही. त्याआधी १८०३ मध्ये आसई, आडगाव आणि गाविलगड इथे हरल्यावर नागपूरच्या भोसल्यांनी देवगावच्या तहात वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा हक्क सोडला होता, आणि कंपनीने तो आपल्या दोस्ताला, निजामाला दिला होता. निजाम आणि भोसले यांची जुनी दोअमली संपली. रयतेला वाटले असेल, आता एकच धनी.

हा दोस्त मात्र केव्हाच बांधला गेला होता. १७९८ मध्ये गव्हर्नर जनरल वेलस्लीने निजामाशी तैनाती फौजेचा करार केला. कंपनीची फौज हैदराबादेत राहील, तिचा खर्च निजाम देईल, फ्रेंच अंमलदारांच्या हाताखालची आपली फौज तो मोडील. १८०० मध्ये रोख रकमेऐवजी बल्लारी-कडप्प्याकडचा प्रदेशच त्याने कंपनीला तोडून दिला. परराष्ट्रांशी व्यवहारही कंपनीला विचारून. ज्याची भीती वाटावी त्यालाच पहारेकरी नेमायचे आणि पहाऱ्याची मजुरीही त्यालाच द्यायची, असा हा प्रकार होता.

खर्च इथे थांबला नाही. हेन्री रसेल रेसिडेंट असताना निजामाच्याच सैन्यातून एक निराळी फौज उभी राहिली. तिच्यावर इंग्रज अंमलदार, पगार निजामाच्या तिजोरीतून. हीच पुढची हैदराबाद कंटिन्जंट. युद्ध संपले तरी ती मोडली नाही. निजामाचा खजिना रिकामा पडू लागला, पगार थकला, की कंपनी तो आपल्याकडून भागवी आणि निजामाच्या नावे कर्ज मांडी. मे १८५३ मध्ये डलहौसीच्या कारकिर्दीत या कर्जापोटी आणि पुढच्या पगारासाठी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दोआब कंपनीकडे सोपवले गेले. करारात कंटिन्जंटचा आकडाही होता: पायदळ किमान ५,०००, घोडदळ २,००० आणि तोफखान्याच्या ४ तुकड्या. मालकी नावाला निजामाची, वसुली इंग्रजांची.

सावकारी जाणणाऱ्याला पुढचे नवीन वाटणार नाही. १८६० मध्ये ५० लाखांचे कर्ज सोडून दिले, धाराशिव आणि रायचूर परत केले. वऱ्हाड ठेवून घेतले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी सुरू झाली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि या काळ्या जमिनीचे मोल सगळ्यांना कळले. सालारजंग १८७६ मध्ये विलायतेला जाऊन आला, पण वऱ्हाड सुटले नाही. १९०२ मध्ये कर्झनने ते सालाना २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतले. त्यानंतर लवकरच कंटिन्जंटची स्वतंत्र फौज म्हणून गणना संपली आणि ती हिंदी सैन्यात मिसळली. जिच्या पगारासाठी गहाण पडले ती फौज गेली, गहाण तसेच राहिले. त्या वेळी आमच्या जिल्ह्याचे नाव वणी होते. यवतमाळ हे नाव १९०५ चे.

ही युक्ती वेलस्लीच्या डोक्यातून निघालेली नाही. इ.स.पू. पाचव्या शतकात इराणविरुद्ध ग्रीक नगरांनी संघ केला. बहुतेक नगरांनी जहाजांऐवजी पैसे देणे पसंत केले. आरमार अथेन्सचे वाढले, आणि इ.स.पू. ४५४ मध्ये संघाचा खजिनाही अथेन्सला हलला. मग संघ सोडू पाहणाऱ्या नगरावर तेच आरमार चालून जाई. मराठ्यांची चौथाई तरी दुसरे काय होती? आजही जपान आणि दक्षिण कोरिया आपल्या भूमीवरच्या अमेरिकन फौजेच्या खर्चाचा वाटा उचलतात. ती स्वतंत्र राष्ट्रे आहेत, त्यांना निजामाच्या पंगतीला बसवणे मला पटत नाही. पण खर्च कुणाचा आणि हुकूम कुणाचा, हा प्रश्न तिथेही विचारला जातो.

आपल्या माणसांचे या हिशेबात स्थान कुठे? फौज गावावरून गेली की ओझे वाहणे, वाट दाखवणे, गवत-सरपण पुरवणे ही वेठ महाराच्या माथी. मुंबई लष्करात महारांनी पिढ्यान्‌पिढ्या बंदूक धरली, आणि १८९० नंतरच्या वर्षांत एका धोरणाने त्यांची भरती बंद झाली. बळ वापरणारे हात आपले होते. ते केव्हा, कुणावर आणि कशासाठी वापरायचे, हे ठरवणाऱ्या खोलीत आपण नव्हतो.

बाबासाहेबांनी हा प्रश्न दोनदा आकड्यांत मांडला. १९४० च्या पाकिस्तानवरील ग्रंथात त्यांनी हिंदी सैन्यात कोणत्या प्रांतांची माणसे भरली आहेत आणि त्याचा पैसा कोणते प्रांत देतात, हे शेजारी शेजारी ठेवून दाखवले. आणि ऑक्टोबर १९५१ मध्ये मंत्रिपदाच्या राजीनाम्याचे निवेदन करताना त्यांनी सांगितले की देशाच्या सुमारे ३५० कोटींच्या वार्षिक उत्पन्नातले १८० कोटी लष्करावर जातात. त्याचे कारण त्यांनी छावणीत शोधले नाही. ते त्यांनी परराष्ट्र धोरणात शोधले: गरजेच्या वेळी भरवसा ठेवावा असा मित्र आपल्याला उरलेला नाही, म्हणून एवढी फौज पोसावी लागते.