पद्मिनीची पावसाळी बेगमी

जूनच्या तोंडावर लोणच्याच्या बरण्यांना दादरे बांधून झाले, की मैत्रिणींनो, दाराशी जुनी गाडी असेल तर तिच्याकडेही वळा. आमच्याकडे मामंजींची प्रीमियर पद्मिनी आहे. अजूनही ते रोज सकाळी तिच्यावरून हात फिरवतात. कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनायची, ती २००० च्या सुमारास बंद झाली. पत्रा एकदा सडला, की पुन्हा तसा मिळणं कठीण.

पुष्कळ घरांतून गाडीवर प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळतात. ते अगदी नको! पावसापेक्षा वाईट ती आत कोंडलेली ओल. गाडी धुऊन, चाकांवरच्या पोकळीतला चिखल खरवडून, दोन दिवस कडक उन्हात वाळू द्या. पायाखालची जाजमं घरात आणा. मग छपराखाली उभी करून सुती आच्छादन घाला. चकचकीत बंपरवर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा.

हँडब्रेक ओढून ठेवू नका, चार महिन्यांत ब्रेक चिकटून बसतात. गाडी गिअरमध्ये टाकून चाकांना विटा लावा. ऑइल आधीच बदलून घ्यावं, कारण वापरलेल्या ऑइलात आम्ल साठतं. बॅटरीची वायर मेकॅनिककडून सोडवून घ्या.

पुरुषमंडळींना रविवारी गाडी पाच मिनिटं घुरघुरवायची हौस फार! तेवढ्यात इंजिन पुरतं तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी मात्र साचतं. उघडीप मिळाली तर वायर जोडून अर्धा तास फिरवून आणायची, नाहीतर हात लावायचा नाही.

आणि उंदीर! सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबा, अन् ‘फडकं काढा’ अशी चिठ्ठी स्टिअरिंगला बांधून ठेवा.