प्रार्थनेला जाणाऱ्यांविषयी आठ गैरसमज

16 एप्रिल 2020 रोजी कासा पोलिस ठाण्याच्या हद्दीतील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले. टाळेबंदीच्या त्या दिवसांत चोर आणि मुले पळवणारे फिरत असल्याची अफवा परिसरात पसरली होती. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवण्याची किंमत या भागाने मोजली आहे. तितक्या हिंसक नसलेल्या, पण रोजचे जगणे कुरतडणाऱ्या समजुती मात्र अजून कायम आहेत. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर वारली कुटुंबे चर्चमध्ये किंवा कुणाच्या तरी अंगणातल्या प्रार्थनेला जातात. त्यांच्याविषयी गावात काही समज आहेत आणि स्वतः त्यांच्यातही काही आहेत. दुसऱ्या प्रकारचे समज अधिक नुकसान करतात, कारण ते श्रद्धेच्याच नावाने सांगितले जातात.

गैरसमज 1 : ख्रिस्ती झाला की आदिवासी राहत नाही, दाखला, सवलत आणि जमीन तिन्ही जातात.

या समजाचे मूळ एका खऱ्या नियमात आहे, पण तो नियम अनुसूचित जातींचा आहे. 1950च्या अनुसूचित जाती आदेशात धर्माची अट आहे. त्यात हिंदूंबरोबर 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध यांचा समावेश झाला. ख्रिस्ती त्याबाहेर राहिले. अनुसूचित जमातींच्या आदेशात मात्र अशी अट नाही. वारली, कोकणा, मल्हार कोळी ही नावे जमातीची म्हणून यादीत आहेत, पंथाची म्हणून नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये केरळमधील एका प्रकरणात स्पष्ट केले की केवळ धर्म बदलल्याने जमातीचे सदस्यत्व आपोआप संपत नाही. ती व्यक्ती अजून जमातीचा भाग आहे का, तिच्या चालीरीती पाळते का, हे पुराव्याने ठरवावे लागते. धर्मांतरितांना यादीतून वगळण्याची मागणी जुनी आहे. पण मागणी म्हणजे कायदा नव्हे. जमिनीची भीतीही समजण्यासारखी आहे. सावकार आणि जमीनदारांनी वारल्यांना कसे नागवले होते, हे 1945च्या उठावाने साऱ्या राज्याला दाखवले. म्हणूनच आज महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36-अ मुळे आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. खातेदार रविवारी कुठे जातो, याचा त्या कलमांशी संबंध नाही.

गैरसमज 2 : हा गोऱ्यांचा धर्म आहे, तो स्वीकारणारा मनाने परका होतो.

असे वाटण्याला कारण आहे. डहाणू आणि तारापूरचे किल्ले पोर्तुगीजांनी वापरले, गोव्यात 1560 मध्ये इन्क्विझिशन सुरू झाले आणि डहाणूतले जुने मिशन अमेरिकेतील ब्रदरन पंथीयांनी उभारले. हा इतिहास नाकारता येत नाही. पण तेवढाच इतिहास नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापले गेले आणि ते ओवीत आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर अभंग आणि कीर्तन सोडले नाही, उलट त्यांतूनच आपली भक्ती मांडली. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वगळून मराठी आत्मचरित्राचा इतिहास लिहिता येत नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 93व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. डहाणूच्या ब्रदरन मंडळ्याही 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या. पेरणारा हात कुठून आला हे इतिहास सांगतो. पीक मात्र इथल्या मातीतच वाढले आहे.

गैरसमज 3 : प्रार्थना खरी असेल तर डॉक्टरची गरज नाही.

आठांपैकी सर्वांत घातक समज हा आहे. तो टिकतो, कारण बरेच आजार आपोआप ओसरतात आणि श्रेय शेवटच्या उपायाला मिळते. सिकलसेलचे उदाहरण या पट्ट्यात ओळखीचे आहे. त्यात हाडे आणि सांधे असह्य दुखतात आणि काही दिवसांनी वेदना उतरते. त्याच दिवसांत प्रार्थना झाली असेल तर रोग गेल्यासारखा वाटतो. रोग जात नाही. वेदनेची एक लाट ओसरलेली असते आणि उपचार थांबवले तर पुढची जीवघेणी ठरू शकते. हा आजार आईवडिलांकडून येतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता 25 टक्के असते. आनुवंशिकतेचा हा हिशेब पहिल्यांदा मांडणारा ग्रेगोर मेंडेल मठात राहणारा ख्रिस्ती संन्यासी होता. नव्या करारातला लूक हा वैद्य म्हणून ओळखला जातो. डहाणूला आलेल्या मिशनने प्रार्थनाघराबरोबर रुग्णालयही चालवले आणि डॉ. बार्बरा निकी यांनी तिथे अनेक वर्षे रुग्णसेवा केली. कायदाही स्पष्ट आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्राच्या 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. ते करणारा भगत आहे की पास्टर, असा भेद कायदा करत नाही. रुग्णवाहिकेत बसूनही प्रार्थना करता येते.

गैरसमज 4 : खऱ्या विश्वासूला नैराश्य येत नाही, आलेच तर ती बाधा असते.

उपासनेत आनंदाची गाणी असतात, साक्ष देणारे सुटकेच्या गोष्टी सांगतात, म्हणून उदास माणसाला आपणच कुठेतरी चुकलो असे वाटू लागते. बायबल मात्र तसे सांगत नाही. एलिया संदेष्टा थकून रानातल्या झुडपाखाली बसला आणि त्याने मरण मागितले. त्या कथेत त्याला आधी उपदेश मिळत नाही; झोप, भाकर आणि पाणी मिळते. स्तोत्रसंहितेतली कितीतरी गीते तक्रारीची आणि आक्रोशाची आहेत. मदर तेरेसांची पत्रे 2007 मध्ये पुस्तकरूपाने आली तेव्हा कळले की अनेक दशके त्यांना आतून देवाचे अस्तित्व जाणवत नव्हते, तरी काम थांबले नाही. नैराश्याला बाधा म्हणणे पाड्यावर सोपे जाते, कारण आधीची उपचारपद्धतीही तेच सांगत असे. भगताच्या जागी दुसरा माणूस आला, निदान तेच राहिले. सतत झोप उडणे, जेवण सुटणे, जीव द्यावासा वाटणे ही आजाराची लक्षणे आहेत. त्यासाठी 14416 हा सरकारी टेली-मानस क्रमांक विनामूल्य आहे. तो फिरवणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे नव्हे.

गैरसमज 5 : विश्वास घट्ट असला की पैसा येतो आणि संकटे टळतात.

मोबाइलवर येणाऱ्या उपदेशांनी हा समज फार वाढवला आहे. अमुक रक्कम अर्पण करा, दुप्पट मिळेल, असे ठासून सांगणारा माणूस पडद्यावर श्रीमंत दिसतो, म्हणून त्याचे म्हणणे खरे वाटते. त्याची श्रीमंती अर्पणांतूनच आलेली असू शकते, हा प्रश्न कुणी विचारत नाही. शिवाय ज्यांना लाभ झाला तेच साक्ष देतात. ज्यांचे कर्ज वाढले ते गप्प बसतात. महाराष्ट्रापुरते उत्तर पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात आहे. आईवडील दुष्काळात गेले, पती लग्नानंतर दोनच वर्षांत गेले. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या, केडगावला मुक्ती मिशन उभारून शेकडो निराधार स्त्रिया आणि मुलींना त्यांनी आसरा दिला. तरीही 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा त्यांच्याआधी गेली. रमाबाई बायबलचे मराठी भाषांतर पुरे करून 1922 मध्ये वारल्या. त्यांची श्रद्धा कमी होती असे कोण म्हणेल? ईयोबाचे अख्खे पुस्तक याच हिशेबी समजुतीविरुद्ध उभे आहे. वीटभट्टीची उचल फेडायची की अर्पण द्यायचे, असा पेच पडलेल्या कुटुंबाने आधी कर्ज फेडावे.

गैरसमज 6 : बाप्तिस्मा झाला की दारू आपोआप सुटते, पुन्हा प्यायला तो ढोंगी.

प्रार्थनेला जाऊ लागल्यावर अनेकांची दारू सुटते, हे खरे आहे. म्हणूनच हा समज पक्का झाला. त्यामागची कारणे मात्र साधी आहेत. मोहाची दारू देवकार्यात आणि लग्नात लागते. ते विधी सुटले की पिण्याचे प्रसंग कमी होतात. संध्याकाळची संगत बदलते, विचारपूस करणारी माणसे मिळतात. हे फार मोलाचे आहे, पण प्रत्येकाला पुरेसे नाही. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात दारू बंद केली तर हातपाय थरथरणे, फिट येणे, भ्रम होणे असे प्रकार पहिल्या दोन-तीन दिवसांत होऊ शकतात आणि ते जिवावर बेतू शकतात. अशा माणसाला त्या दिवसांत डॉक्टरच्या देखरेखीची गरज असते. व्यसन हा उलटणारा आजार आहे. घसरलेल्या माणसाला मंडळीसमोर उभे करून लाज आणली तर तो गुत्त्यावर परत जातो, कारण तिथे त्याला कुणी ढोंगी म्हणत नाही. उलट बाजूचा, ख्रिस्ती म्हणजे पिणारच, हा समज हिंदी चित्रपटांची देणगी आहे. पाड्यावरच्या अनेक मंडळ्यांत दारूला पूर्ण बंदी असते.

गैरसमज 7 : देव सोडले की नातीही सोडावी लागतात.

चैत्र पौर्णिमेला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा सुरू होते, घराघरांत पाहुणे येतात आणि हा प्रश्न ताटावरच उभा राहतो. भावाकडे जेवावे का? पालघाट देवी मांडलेल्या लग्नाला जावे का? हा पेच नवा नाही. पहिल्या शतकात करिंथच्या मंडळीने तोच विचारला होता. पौलाचे उत्तर सरसकट होकाराचे नाही आणि सरसकट नकाराचेही नाही. मूर्तीच्या विधीत भाग घेऊ नका. पण बाजारात मिळते ते चौकशा न करता खा. कुणी जेवायला बोलावले तर जा. हे नैवेद्याचे आहे असे मुद्दाम सांगितले तर समोरच्याच्या मनाचा विचार करून नाकारा. म्हणजे रेघ विधीवर आहे, माणसावर नाही. लग्नात राबणे, मयताला खांदा देणे, लावणीला हात लावणे यांत कुठलीही पूजा होत नाही. संस्कृतीही गोठलेली नसते. एकेकाळी लग्नाच्या चौकात सवासिनी काढत ती वारली चित्रे गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी कागद आणि कापडावर आणली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि वारलीपण कमी झाले नाही. उलट दिशेने, गावाने प्रार्थनेला जाणाऱ्यांचे पाणी किंवा रस्ता तोडला, तर तो 2016च्या महाराष्ट्र सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो.

गैरसमज 8 : शिक्षण, मोबाइल आणि शहर यांनी तरुणांची श्रद्धा बुडवली.

कासा-तलासरीची मुले बोईसर, वापी, उंबरगावच्या कारखान्यांत जातात, पाळीत रविवार जातो आणि चर्चमधली जागा रिकामी दिसते. दोष शिकण्यावर ढकलणे मग सोयीचे होते. पण विज्ञान शिकल्याने श्रद्धा जातेच असे नाही. विश्वाचा प्रारंभ एका अतिसूक्ष्म अवस्थेतून झाला, ही कल्पना मांडणाऱ्यांत अग्रणी असलेले जॉर्ज लेमेत्र बेल्जियमचे कॅथोलिक धर्मगुरू होते. तरुण दुरावतात त्याची कारणे जवळची आहेत. एकटेपणा, कंत्राटी काम, प्रेमप्रकरणातला पेच, ऑनलाइन जुगारातले कर्ज यांविषयी ज्या ठिकाणी बोलता येत नाही, त्या ठिकाणी ते येत नाहीत. मोबाइल काढून घेतल्याने यांतले काहीच सुटत नाही. सुट्टीच्या दिवशी बसून ऐकणारा एक प्रौढ माणूस मिळाला, तर बरेच सुटते.

या आठही समजुतींमागे एकच कल्पना आहे: श्रद्धा माणसाला शरीर, जमात, नातेवाईक आणि कायदा यांच्याबाहेर उचलून नेते. विरोधकाला ती भीती वाटते, भाबड्या अनुयायाला ती आशा वाटते. दोघेही चुकतात. ख्रिस्ती माणूस याच पाड्यावर, याच आजारांत आणि याच नात्यांत आपला विश्वास जगत असतो. तेव्हा धर्माच्या नावाने कुणी दाखला जाईल म्हणाले तर कायद्याचे कलम विचारा. पैसे मागितले तर हिशेब विचारा. औषध बंद करा म्हणाले तर ऐकू नका; 108 वर फोन करा आणि रुग्णाला कासा उपजिल्हा रुग्णालयात घेऊन जा.