एफ वन भारतात आली आणि तीनच वर्षांत का गेली? फॉरवर्ड करण्याआधी हे समजून घ्या

‘फॉर्म्युला वन पुन्हा भारतात येणार’ हा मेसेज दरवर्षी कुठून ना कुठून येतोच. मी धुळ्याचा. आमच्याकडे असा मेसेज आला की लगेच तिकीट कितीचं, दिल्लीला कोणती गाडी, इथपर्यंत चर्चा पोहोचते. म्हणून आज रेस नव्या देशात नेमकी येते कशी आणि जाते का, ते बघू.

ओपन-व्हील म्हणजे काय?

ज्या रेसिंग कारची चाकं बॉडीच्या बाहेर उघडी असतात आणि सीट एकच असते, ती ओपन-व्हील कार. फॉर्म्युला वन, फॉर्म्युला ई, फॉर्म्युला फोर हे सगळे याच घराण्यातले.

पैसे कोण कोणाला देतं?

बऱ्याच जणांना वाटतं की एफ वनवाले येतात, रेस करतात आणि त्या शहराला पैसे देतात. होतं उलटं. आपल्याकडे यात्रेत तमाशाचा फड बोलवायचा तर सुपारी गावाला द्यावी लागते. पाऊस पडला, माणसं आली नाहीत, तरी सुपारी परत मिळत नाही. एफ वनचं तसंच आहे. स्थानिक आयोजक, म्हणजे प्रमोटर, दरवर्षी मोठी फी देतो. त्याच्या हातात मुख्यतः तिकिटांचे पैसे येतात. टीव्ही आणि ॲपच्या हक्कांचा पैसा एफ वन कंपनीकडे जातो.

म्हणूनच सौदी अरेबिया, कतार अशा देशांत रेस टिकते, कारण तिथे मागे सरकारी पैसा असतो. २०२३ मध्ये लास वेगासला तर एफ वन स्वतःच प्रमोटर बनली. अमेरिकेचं मार्केट तिला एवढं महत्त्वाचं वाटलं.

भारतात काय झालं?

३० ऑक्टोबर २०११ ला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर पहिली इंडियन ग्रां प्री झाली. ट्रॅक ५.१२५ किलोमीटरचा. आपला नारायण कार्तिकेयन त्या रेसमध्ये धावला. २०११, २०१२, २०१३ या तिन्ही वेळा सेबॅस्टियन व्हेटेल जिंकला. ट्रॅक चांगला होता, लोकही आले. मग घोडं अडलं कुठे?

प्रमोटर होता जेपी ग्रुप, म्हणजे खासगी बिल्डर कंपनी. फीचा भार तिच्यावर. त्यात हा खेळ की करमणूक, हा वाद. करमणूक कराचं प्रकरण पहिल्या रेसआधीच सुप्रीम कोर्टात गेलं होतं. बाहेरून येणाऱ्या सामानाच्या कस्टम्सची कटकट वेगळी. २०१४ ला रेस वगळली, २०१५ ला परत येणार असं सांगितलं, पण आली नाही. पुढे २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की एफ वन कंपनीच्या इथल्या कमाईवर भारतात कर लागतो. म्हणजे आता जो कोणी करार करेल, त्याला हा हिशोब आधीच धरावा लागेल.

हैदराबादचा धडा

फॉर्म्युला ई म्हणजे इलेक्ट्रिक कारची रेस. तिला कायमचा ट्रॅक लागत नाही, शहरातले रस्ते चालतात. धूर नाही, आवाज कमी. ब्रेक लावताना मोटर उलट जनरेटरसारखी चालते आणि बॅटरी चार्ज होते. तिसऱ्या पिढीच्या कारमध्ये रेसला लागणारी सुमारे ४० टक्के ऊर्जा अशीच परत मिळते. ई-स्कूटरमध्येही हेच तंत्र असतं, फक्त छोट्या प्रमाणात.

११ फेब्रुवारी २०२३ ला हैदराबादच्या हुसेन सागर तलावाकाठी ही रेस झाली. महिंद्राची टीम घरच्या मैदानावर होती. इथे राज्य सरकार सोबत होतं, म्हणजे पैशाचा प्रश्न सुटला असं वाटलं. पण डिसेंबर २०२३ मध्ये तेलंगणात सत्ता बदलली आणि जानेवारी २०२४ मध्ये, रेसला महिना उरलेला असताना, दुसरी रेस रद्द झाली. नोएडात बिल्डरचं गणित चुकलं, हैदराबादला सरकार बदललं.

मग भारत मार्केट आहे की नाही?

आहे, पण ट्रॅकवर नाही, तुमच्या खिशात. २०२४ मध्ये एफ वन दाखवायचे हक्क फॅनकोड ॲपने घेतले. उन्हाळ्यातल्या युरोपच्या बऱ्याच रेस आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला सुरू होतात, म्हणजे जळगावच्या हॉस्टेलवर बसून आरामात बघता येतात. कंपनीला इथे ट्रॅक न बांधता प्रेक्षक मिळतो. मग ती सुपारी कमी कशाला करेल?

बातमी आली की हे चार प्रश्न विचारा

१. फी कोण भरणार? नाव सांगितलंय का?
२. करार किती वर्षांचा? सरकार बदललं तर काय?
३. ट्रॅकला एफआयएचं ‘ग्रेड वन’ लायसन्स आहे का? त्याशिवाय एफ वन होत नाही.
४. एफआयएने मंजूर केलेल्या अधिकृत कॅलेंडरमध्ये तारीख आहे का?

‘मंत्र्यांनी इच्छा व्यक्त केली’ ही चारपैकी एकाचंही उत्तर नाही. अशा बातमीवर हॉटेल बुक करू नका आणि तिकिटाच्या नावाखाली आलेल्या लिंकवर पैसे तर मुळीच पाठवू नका.

आणि शिरपूर, बांभोरी किंवा कुठेही इंजिनिअरिंगला असाल तर ‘फॉर्म्युला भारत’ ही स्पर्धा शोधून बघा. विद्यार्थी स्वतः ओपन-व्हील कार डिझाइन करून बनवतात आणि कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर उतरवतात. एफ वन कधी येईल ते तिच्या सुपारीवर ठरेल. ही कार मात्र कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये सुरू करता येते.