हृदय थांबवून हृदय वाचवितात, ते कसे?

— ऊस विकास अधिकारी



गटसभेला गेलो की बेण्याच्या आणि लागणीच्या चौकशीबरोबर हल्ली हृदयाच्या ऑपरेशनचीही चौकशी होते. "साहेब, हृदय बंद पाडतात म्हणे! परत चालूच नाही झालं तर?" या भीतीपायी डॉक्टरांनी दिलेली तारीख पुढे ढकलणारी घरे आपल्या कार्यक्षेत्रात आहेत. मी डॉक्टर नव्हे, शेतकी पदविकावाला माणूस. पण ही गोष्ट ऊसवाल्याला लवकर उमगावी अशी आहे. म्हणून वाचून-विचारून जे समजले ते येथे मांडतो.

उसावरून समजून घेऊ

तोडलेला ऊस लगेच मरत नाही. त्याचा श्वासोच्छ्वास चालूच असतो. मुळाकडून काही येत नाही, तेव्हा तो स्वतःचीच साखर जाळतो. म्हणूनच तोडलेला ऊस २४ तासांत गव्हाणीत पडावा असा आपला आग्रह. उन्हात पडून राहिला तर नुकसान जलद, गारव्यात कमी.

हृदयाचेही असेच आहे. हा स्नायू दिवसाला सुमारे १ लाख वेळा आकुंचन पावतो. साऱ्या अंगाला तो रक्त पुरवितो, पण त्याला स्वतःला रक्त मिळते ते महारोहिणीच्या तोंडाशी फुटणाऱ्या दोन लहान रक्तवाहिन्यांतून. झडप बदलायची तर हृदय कोरडे आणि स्थिर पाहिजे. त्यासाठी शरीराचा रक्तपुरवठा हृदय-फुफ्फुस यंत्रावर घेतात. हे यंत्र वापरून पहिले यशस्वी ऑपरेशन डॉ. जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे केले. नंतर महारोहिणीला चिमटा लावतात. मेंदूला, मूत्रपिंडांना यंत्रातून रक्त मिळत राहते. हृदयाचा पाट मात्र बंद होतो.

अशा वेळी हृदय धडधडतच राहिले तर साठविलेली शक्ती संपवून टाकते. शक्ती संपली की स्नायू सैल पडत नाही, उलट आखडतो. १९७२ साली ह्यूस्टनचे डॉ. डेंटन कूली यांनी अशा दगडासारख्या कडक झालेल्या हृदयांची नोंद केली. म्हणजे धोका आहे तो उपाशीपोटी काम करण्यात. आधीच विसावा दिला तर हृदय तगते.

पालाश, पण बेताने

हा विसावा देणारे द्रव्य तुमच्या ओळखीचे आहे. ते पोटॅशियम, म्हणजे आपण पालाश म्हणतो त्यातलेच. शरीराच्या पेशीत पोटॅशियम भरपूर व बाहेर रक्तात थोडे असते. या फरकावरच हृदयाची वीज चालते. बाहेरचे पोटॅशियम वाढविले की फरक घटतो, वीज उठत नाही आणि हृदय सैल अवस्थेत स्वस्थ थांबते.

१९५५ साली लंडनचे डॉ. मेलरोज यांनी ही युक्ती प्रथम मांडली. पण त्यांचे द्रावण फार तीव्र होते. स्नायूला इजा होते असे दिसले आणि ती पद्धत मागे पडली. १९७० नंतर पोटॅशियम परत आले, ते मात्रा कमी करून. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलच्या द्रावणात ते लिटरला १६ ते २० मिलिमोल असते. निरोगी रक्तात ३.५ ते ५. खत तेच, मात्रा चुकली तर पीक जळते, हे आपणांस सांगायला नको.

जोडीला गारवा. सुमारे ४ अंशाचे थंड द्रावण देतात. धडधडणाऱ्या हृदयाच्या १०० ग्रॅम स्नायूला मिनिटाला ८ ते १० मिलिलिटर प्राणवायू लागतो. थांबलेल्या हृदयाला सुमारे १ मिलिलिटर पुरतो आणि थंड केले की त्याहूनही कमी. बरेच सर्जन द्रावणात रुग्णाचेच रक्त मिसळतात, म्हणजे थोडा प्राणवायूही पोचतो. नेहमीच्या द्रावणाची पाळी दर २०-३० मिनिटांनी पुन्हा द्यावी लागते. काही द्रावणे एका पाळीत तासभर वा अधिक टिकतात. घड्याळावर नजर ठेवायला स्वतंत्र माणूस असतो.

काम झाले की चिमटा काढतात. ताजे रक्त आत शिरते, पोटॅशियम धुऊन जाते आणि पुष्कळदा हृदय आपले आपणच चालू होते. नाही झाले तर विजेचा हलका झटका देतात. भेगाळलेल्या रानात पाणी एकदम सोडू नये, तसे हे पहिले रक्तही जपून द्यावे लागते, नाहीतर त्यानेच इजा होते.

आपण काय करावे?

प्रत्येक बायपासला हृदय थांबवितातच असे नाही. आपल्या देशात पुष्कळ बायपास चालत्या हृदयावर होतात. आपल्या बाबतीत काय करणार, हे सर्जनला मोकळेपणी विचारा. धोका शून्य कधीच नसतो, तोही विचारा. तंबाखू-विडी आजच सोडा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नका आणि मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार लपवू नका. पण केवळ "हृदय बंद पाडतात" या धास्तीने तारीख टाळू नका. ते थांबवितात ते त्याला जपण्यासाठीच. उलट दुखण्यात दिवस काढलेले हृदय अशक्त होत जाते आणि मग ते जपणेही अवघड होते. तोडीला आलेला ऊस उभा ठेवून वजन वाढत नाही, हे ध्यानात असू द्या.