श्रवणयंत्र, फोन आणि घड्याळ : ब्लूटूथविषयीचे काही गैरसमज

श्रवणयंत्राच्या खोक्यावर ब्लूटूथचे चिन्ह दिसले, की ते कोणत्याही स्मार्टफोनला जोडता येईल आणि फोनवरचे बोलणे थेट कानात ऐकू येईल, असे बहुतेक ग्राहक गृहीत धरतात. वस्तुस्थिती अशी, की ब्लूटूथ या एकाच नावाखाली दोन निराळ्या शाखा नांदतात आणि केवळ एका शाखेवर चालणारे उपकरण केवळ दुसरीवर चालणाऱ्या उपकरणाशी संपर्क साधू शकत नाही. हेडफोन आणि मोटारीतील स्पीकर यांना आवाज पुरवणारी शाखा ‘क्लासिक’ म्हणून ओळखली जाते; २०१० मध्ये ४.० या आवृत्तीबरोबर आलेली ‘लो एनर्जी’ ही दुसरी शाखा वीज फार कमी खाते, परंतु नाडीचे ठोके किंवा तापमान अशी त्रोटक माहिती पाठवण्यासाठीच ती घडवलेली असल्याने आवाज वाहून नेण्याची प्रमाणित सोय तिच्यात सुरुवातीला नव्हती. कानामागच्या यंत्रातील जस्त-वायू बॅटरी जेमतेम १.४ व्होल्टची असते आणि तिला क्लासिक शाखेचा भार पेलणे जड जाते. म्हणूनच पूर्वी गळ्यात एक मध्यस्थ उपकरण अडकवावे लागे, जे फोनकडून ब्लूटूथने घेतलेला आवाज पुढे यंत्राकडे पोहोचवीत असे.

या अडचणीवर प्रत्येकाने आपापला तोडगा काढला आणि आजच्या गोंधळाचे मूळ तेथेच आहे. ॲपलने २०१३ मध्ये लो एनर्जी शाखेवर ‘मेड फॉर आयफोन’ ही स्वतःची पद्धत उभारली, जी ॲपलच्या उपकरणांपुरतीच चालते. फोनॅक कंपनीने २०१७ मध्ये क्लासिक शाखाच कानातील यंत्रात बसवून दाखवली, त्यामुळे तिची त्या प्रकारची यंत्रे साध्या हेडसेटप्रमाणे जवळपास कोणत्याही फोनला जोडली जातात. गूगलने २०१८ मध्ये ‘आशा’ ही पद्धत जाहीर केली आणि अँड्रॉइड १० पासून ती उपलब्ध झाली. तथापि ती प्रत्यक्षात देणे न देणे हँडसेट बनवणाऱ्या कंपनीच्या हाती राहिल्याने, फोनमध्ये अँड्रॉइडची नवी आवृत्ती असणे एवढ्यावरून यंत्र जुळेलच असे म्हणता येत नाही. भारतात बहुसंख्य फोन अँड्रॉइडचे असल्यामुळे हा तपशील येथील ग्राहकाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे.

याला जोडूनच आणखी एक समज आढळतो, तो असा की यंत्र जोडले म्हणजे फोन खिशात ठेवून बोलता येते. ‘आशा’ पद्धतीत आवाज फोनकडून यंत्राकडे, म्हणजे एकाच दिशेने जातो आणि बोलणाऱ्याचा आवाज फोनचाच मायक्रोफोन टिपतो. साहजिकच फोन खिशात असला तर समोरच्याला बोलणे दबलेले ऐकू येते.

ॲपमधून यंत्राचा आवाज कमी-जास्त करता आला, की जोडणी पूर्ण झाली असे मानणेही चुकीचे आहे, कारण अशा आज्ञांना लागणारी माहिती अत्यल्प असते आणि आवाज न पोहोचवू शकणारा फोनही ती सहज पाठवू शकतो. आयफोनवर तर ‘मेड फॉर आयफोन’ यंत्रांची जोडणी ब्लूटूथच्या नेहमीच्या यादीतून न करता सेटिंग्जमधील ॲक्सेसिबिलिटी विभागात, ‘हिअरिंग डिव्हायसेस’ या ठिकाणी करायची असते आणि डाव्या-उजव्या यंत्रांसाठी परवानगीची विचारणा दोनदा होऊ शकते. पहिल्या विचारणेलाच काम संपले असे समजून फोन बाजूला ठेवला, तर आवाज एकाच कानात येतो आणि दोष विनाकारण यंत्राच्या माथी मारला जातो.

आवृत्तीचा आकडा जितका मोठा तितकी सुसंगतता अधिक, हा समज जाहिरातींनी पोसलेला आहे. ‘एलई ऑडिओ’ हे लो एनर्जी शाखेवरून आवाज पाठवण्याचे सामाईक मानक २०२२ मध्ये पूर्ण झाले. त्यात आवाज आटोपशीर करून पाठवणारी ‘एलसी३’ ही पद्धत असून, ‘ऑराकास्ट’ या सोयीमुळे सभागृहातील एकाच प्रक्षेपणाला कितीही यंत्रे जोडता येतात. या मानकाला ब्लूटूथ ५.२ किंवा पुढील आवृत्ती लागते हे खरे, पण त्या आवृत्तीत ते अंतर्भूत करणे ऐच्छिक आहे; त्यामुळे ५.३ असा आकडा मिरवणारा फोनही त्याबाबतीत कोरा असू शकतो. खरेदीपूर्वी आकड्यापेक्षा यंत्राच्या उत्पादकाने दिलेली सुसंगत फोनांची यादी पाहणे अधिक भरवशाचे.

स्मार्टवॉचच्या बाबतीत तर अपेक्षा आणि वास्तव यांत बरेच अंतर आहे. घड्याळ फोनला जोडलेले आणि श्रवणयंत्रही फोनला जोडलेले, म्हणून घड्याळ आणि यंत्र एकमेकांशी आपोआप जोडले जात नाहीत. पुष्कळदा घड्याळ फार तर रिमोटचे काम करते. बाजारात ‘ब्लूटूथ कॉलिंग’ म्हणून विकली जाणारी घड्याळे फोनकडे हँड्सफ्री उपकरण म्हणून नोंदली जातात, आणि मग फोन आला की आवाज यंत्राऐवजी मनगटावरच्या चिमुकल्या स्पीकरमधून येण्याची शक्यता असते, जो ऐकू कमी येणाऱ्या माणसाच्या काहीच उपयोगाचा नाही. अँड्रॉइड फोनच्या ब्लूटूथ यादीत घड्याळाच्या नावापुढील खुणेवर बोट ठेवल्यास ‘फोन कॉल्स’ हा पर्याय सहसा स्वतंत्रपणे बंद करता येतो. तो बंद केल्यावर संभाषणाचा आवाज घड्याळाकडे वळत नाही आणि कोणाचा फोन आला आहे, ते मात्र मनगटावर पूर्वीप्रमाणेच दिसत राहू शकते.