७.२४ ची स्लो

पहाटे ४.४५

गजर पाचचा असतो, पण पोट त्याआधीच उठवतं. बेंबीच्या खाली उजवीकडे कळ येते आणि मग लागोपाठ तीन-चार वेळा संडास. घर जागं व्हायच्या आत हे उरकलं तर पुढचा दिवस हाती लागतो. क्रोन्स या आतड्याच्या आजाराचं निदान झालं तेव्हा मला सत्तेचाळिसावं लागलं होतं. हा आजार बहुतेकांना तरुणपणी, पंधरा ते पस्तीसच्या दरम्यान गाठतो. पन्नाशीच्या आसपास गाठलेलेही असतात, पण कमी. मुलगी कॉलेजात, सासूबाई थकलेल्या, कर्जाचे हप्ते चालू. अशा वेळी घरातलं आजारी माणूस मी असेन, हे कुणाच्याच हिशेबात नव्हतं.

६.००

आधी खाणं, मग गोळ्या. मऊ भात, तूप, मीठ. प्रेडनिसोलोन सकाळीच घ्यायचं, उशिरा घेतलं तर झोप उडते. आठवड्याला ५ मिलिग्रॅमने ते उतरवत आणलंय. सूज लवकर दाबतं, पण कायम घ्यायचं औषध नव्हे. हाडं, साखर, रक्तदाब सगळ्यांवर त्याचा भार पडतो. पुढे सांभाळायचं काम अ‍ॅझाथायोप्रिनचं. त्याचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात. तेवढे दिवस धीर धरायचा.

डब्यात मुगाची खिचडी आणि साल काढून शिजवलेला दुधी. माझ्या लहान आतड्याच्या शेवटी, ते मोठ्या आतड्याला मिळतं तिथे, सुजेने वाट अरुंद झाली आहे. म्हणून साल, बिया, चोथा बंद. पेरू, मका, शेवग्याच्या शेंगा, मटकीची उसळ, ओलं खोबरं, कच्ची कोशिंबीर, सगळं बाजूला. अंडं चालतं, काटे काढलेलं पापलेट चालतं. हे पथ्य क्रोन्सच्या प्रत्येक रुग्णाचं नाही. आतडं अरुंद झालेल्याचं आहे. सूज उतरली तर यातलं बरंच परत मिळेल, असं डॉक्टर म्हणालेत.

सासूबाई ओट्यापाशी येऊन म्हणाल्या, "अगं, रात्री इसबगोल घेत जा. पोट साफ राहील."

"आई, इसबगोल पोटात फुगतं. माझी वाट बारीक झालीय. तिथे अडकलं तर दवाखान्यात धावावं लागेल."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "हे आधी सांगायचंस ना." खरं आहे. आपल्या घरांतून 'पोट बिघडलंय' यापलीकडे कुणी बोलत नाही, आणि पोट बिघडलंय म्हटलं की ओवा, बडीशेप, इसबगोल पुढे येतं. संडासात रक्त पडतं, किती वेळा जावं लागतं, हे बोलल्याशिवाय समोरच्याला कळणार कसं?

७.२४

वर्षानुवर्षं मी डोंबिवलीहून फास्ट धरत आले. आता स्लो धरते. लोकलमध्ये शौचालय नसतं. फास्ट गाडीत ठाणे गेलं की घाटकोपरपर्यंत दार नुसतं वाऱ्याला उघडं, उतरायला जागा नाही, आणि तेवढ्यात कळ आली तर काय होतं ते मी सोसलंय. स्लो गाडी कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे, मुलुंड, नाहूर, भांडुप अशी थांबत थांबत जाते. उतरावं लागेलच असं नाही. उतरता येईल एवढं माहीत असलं की पोटही जरा शांत राहतं.

कुठल्या स्थानकावर बायकांचं शौचालय आहे, ते फलाटाच्या कोणत्या टोकाला, पाणी असतं का, कडी लागते का, हे आता तोंडपाठ आहे. पिशवीत कपड्यांचा जोड, ओले रुमाल, सुटे पैसे. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' म्हणून चळवळ सुरू आहे, बायकांना रस्त्यावर स्वच्छ आणि मोफत मुतारी मिळावी यासाठी. तेव्हा ती मला बरोबर वाटत होती, एवढंच. आज मी तिच्याकडे रुग्ण म्हणून पाहते. म्हातारी माणसं, गरोदर बाया, मधुमेही, आतड्याचे रुग्ण, या शहरात या सगळ्यांचं घराबाहेर पडणं एका बंद दारावर अडतं. हे सोयीसुविधांच्या यादीत शेवटी टाकायचं काम नाही.

डब्यातल्या दोघी मैत्रिणींना सगळं सांगून ठेवलंय. एक जण दाराजवळची जागा धरते. गर्दीत मी उठले की दुसरी मोठ्याने म्हणते, "हिला उतरू द्या हो!" आणि वाट होते.

१०.००

साहेबांना निदानाचा कागद दाखवला होता. त्यांनी काही न विचारता माझं टेबल मार्गिकेच्या बाजूला हलवलं. बैठकीत मधेच उठले तर कुणी वळून पाहत नाही.

१.१५

"टीबीचं औषध संपलं ना गं तुझं?" शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी डबा उघडता उघडता विचारलं. यावर नीट बोलायला हवं होतं, आणि आज बोलले.

आपल्या देशात ताप, वजन उतरणं, पोटात कळा आणि आतड्याच्या त्याच कोपऱ्यात जखमा दिसल्या, की पहिला संशय टीबीचा येतो आणि यायलाच हवा. दुर्बिणीतून पाहिलं तरी टीबी आणि क्रोन्स एकमेकांसारखे दिसतात. तुकडा काढून तपासला तर दोन्हींत सूक्ष्म गाठी सापडतात, आणि टीबीचा जंतू दर वेळी हाती लागतोच असं नाही. मग टीबीची औषधं सुरू करून काही महिन्यांनी पुन्हा आत पाहतात. जखमा भरल्या तर टीबी. माझ्या भरल्या नाहीत. त्या महिन्यांचा मला राग नाही. टीबी असताना क्रोन्स समजून स्टिरॉइड दिलं असतं, तर टीबी अंगभर पसरला असता.

"म्हणजे कॅन्सर नाही ना?" त्यांनी हळूच विचारलं. नाही. संसर्गही नाही, माझ्या डब्यातलं तुम्ही खाऊ शकता. शरीराचं संरक्षण करणारी यंत्रणाच आतड्यावर उलटते. हा आजार पूर्ण बरा होत नाही, पण शांत ठेवता येतो, वर्षानुवर्षं. त्यांनी माझ्या खिचडीतला एक घास घेतला. मला फार बरं वाटलं.

३.३०

या वेळेला अंगातलं सगळं निघून जातं. हा झोपेने जाणारा थकवा नाही. आत सूज, त्यात रक्त कमी, आणि जे बी-१२ लहान आतड्याच्या त्याच टोकाला शोषलं जातं ते नीट मिळत नाही, म्हणून इंजेक्शन चालू. गुडघे दुखतात, तेही या आजाराचंच. कुणीतरी आयब्युप्रोफेनची गोळी पुढे केली. घेतली नाही. या जातीच्या वेदनाशामकांनी आतडं पुन्हा भडकू शकतं. फारच दुखलं तर पॅरासिटामॉल. जुळवणीचं अवघड काम मी सकाळी संपवते. यावेळी नुसती पत्रं.

५.५०

रक्ताचा अहवाल मोबाइलवर आला. पांढऱ्या पेशी ठीक आहेत. अ‍ॅझाथायोप्रिनने त्या अचानक घसरू शकतात, आणि आशियाई लोकांत तशी जनुकीय ठेवण जास्त आढळते, म्हणून सुरुवातीला वरचेवर तपासणी. फलाटावर उभी राहून नवऱ्याला फोन केला. "छान," तो म्हणाला, आणि लगेच, "येताना काही आणू नकोस, मी आणतो."

९.१५

मुलगी अंथरुणावर येऊन बसली. मोबाइलमध्ये वाचून सांगत होती: १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या तिघांनी चौदा रुग्णांवर लेख लिहिला. मला ठाऊक होतं की ती दुसरंच काही विचारायला आली आहे.

"आई, मला होईल का?"

आईवडिलांपैकी एकाला असला तर मुलांना धोका इतरांपेक्षा जास्त असतो. तरीही बहुतेक मुलांना तो होत नाही. जेवढं डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच तिला सांगितलं, गोड करून नाही. एक गोष्ट तिच्या हातात आहे: सिगारेट. ती क्रोन्सला खतपाणी घालते. आणि पोटाचं काहीही लांबलं, रक्त दिसलं, वजन उतरलं, तर लाजून गप्प बसायचं नाही. तिने मान डोलावली. मग महिनाभर तिला बद्धकोष्ठ आहे हे सांगितलं. आम्ही त्यावर बराच वेळ बोललो.

१०.२०

पुढच्या भेटीचे प्रश्न वहीत लिहिले. गोळ्यांनी नाही भागलं तर इन्फ्लिक्सिमॅब किंवा अ‍ॅडालिमुमॅब कधी? ही औषधं आता भारतातही बनतात, मूळ औषधापेक्षा स्वस्त, तरी आमच्या घराला जड. त्याआधी लपलेला टीबी पुन्हा तपासणार का? फ्लूची लस घेऊ का? मे महिन्यात सगळ्यांसोबत रत्नागिरीला जायचंय. कोकण रेल्वेच्या डब्यात शौचालय असतं, प्रवासाचं मी बघून घेईन. आंब्याचा रस चालेल का, तेवढं विचारायचं आहे.