लाओ भाषेची तोंडओळख

आठवड्याचे वार लाओ माणसाच्या तोंडून ऐकले, तर मराठी माणूस चटकन कान टवकारील. सोमवारला तो 'वन चन' म्हणतो, रविवारला 'वन आथित', मंगळवारला 'वन अंगखान', बुधवारला 'वन फुत' आणि शुक्रवारला 'वन सुक'. 'वन' म्हणजे दिवस. पुढचे शब्द ओळखायला पंडित लागत नाही. चंद्र, आदित्य, अंगारक, बुध, शुक्र! आदित्यवाराचा आपण आइतवार केला, मंगळवारच्या संकष्टीला अंगारकी म्हटले. तेच आदित्य आणि अंगारक तिकडे मेकाँग नदीच्या काठी जरा वेगळा पोशाख करून नांदत आहेत. 'भाषा'ला तिथे 'फासा' म्हणतात, 'नगर'ला 'नखोन' आणि 'आचार्यां'ना 'आचान'.

मग लाओ ही आपल्या भाषांची बहीण म्हणायची का? तर नाही. तेलुगूत संस्कृत शब्द भरपूर आहेत, म्हणून काही ती संस्कृतची लेक ठरत नाही. तसेच हे आहे. लाओ भाषा ताई कुळातली. थाई ही तिची सख्खी बहीण आणि ब्रह्मदेशातील शान ही नात्यातली. बौद्ध धर्माबरोबर पाली आली, शेजारच्या ख्मेर संस्कृतीकडून संस्कृत शब्द आले, आणि ते घरचेच होऊन बसले. भाषेचा सांगाडा मात्र अगदी निराळा राहिला.

तो कसा, ते पाहा. लाओमध्ये सूर बदलला की अर्थ बदलतो. व्हिएन्तिआनच्या बोलीत सहसा सहा सूर मोजतात. काही अभ्यासक पाच मानतात. 'मा' हा एवढासा उच्चार घ्या. एका सुरात त्याचा अर्थ 'येणे', दुसऱ्यात 'कुत्रा', तिसऱ्यात 'घोडा'. आणखी गंमत म्हणजे 'कइ' या उच्चाराचा अर्थ एका सुरात 'दूर' आणि दुसऱ्या सुरात 'जवळ' असा होतो. वाट विचारणाऱ्या परक्या वाटसरूची काय त्रेधा उडेल, याची कल्पनाच करावी!

सुरांचा हा जाच सोसला, की व्याकरण मात्र मोठे दयाळू आहे. लिंग नाही, वचन नाही, विभक्ती नाही, क्रियापदे चालवणेही नाही. 'खॉय किन खाव' म्हणजे 'मी भात खातो'. शेवटी 'लेव' जोडले की खाणे उरकले. मोजताना मात्र वस्तूप्रमाणे नग-वाचक शब्द लागतो. 'मा साम तो', म्हणजे 'कुत्रा तीन नग'. माणसांना 'तो' चालत नाही, तिथे 'खोन' लावायचे. आपणही 'चार जण आले' म्हणतोच की! 'चाय' म्हणजे मन. 'दी चाय', मन चांगले, म्हणजे आनंद. आणि 'खाव चाय', मनात शिरणे, म्हणजे समजणे. आपल्या मनातही गोष्टी शिरतातच.

लिपीचे मूळही ब्राह्मीतच आहे. दक्षिण भारतातून ख्मेरमार्गे ती तिथे पोचली. स्वरचिन्हे व्यंजनाच्या मागे, पुढे, वर, खाली कुठेही बसतात, आणि दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. सुरांच्या खुणांची नावे 'एक', 'थो', 'ती', 'चत्तवा'. मुळात आपलेच आकडे!

इथेच एक कळीचा प्रश्न उभा राहतो. परके शब्द मुळाबरहुकूम लिहावेत, की कानाला ऐकू येतील तसे? थाईने मूळ जपले. सोमवारातला 'चंद्र' थाई लिहितात तो शेवटच्या मुक्या अक्षरांसकट. लाओने उच्चाराचा कौल घेतला, आणि १९७५ च्या राज्यक्रांतीनंतर तर 'र'चे एक अक्षरही वर्णमालेतून वगळले. महा सिला वीरवोंग या पंडितांनी पाली नीट लिहिता यावी म्हणून जादा अक्षरे सुचवली होती. ती राज्यकारभारात चालली नाहीत. २०१९ साली संगणकाच्या युनिकोड संचात मात्र त्यांना जागा मिळाली. १९६२ च्या नियमांनी आपल्याकडचे अनुच्चारित अनुस्वार गेले, तेव्हा वाद थोडा झाला का? तत्सम शब्दांचे ऱ्हस्वदीर्घ आपण अजून मुळाप्रमाणेच ठेवतो. लाओने पुढचे पाऊल टाकले. लेकरांना अक्षरओळख सोपी झाली, पण शब्दाचे कूळ झाकले गेले. दोन्ही खरे.

हा नुसता पंडिती वाद मात्र समजू नका. लाओसची लोकसंख्या सुमारे ७५ लाख, आणि त्यांतही सर्वांची मातृभाषा लाओ नाही. उलट नदीपलीकडे थायलंडच्या ईसान भागात सुमारे दोन कोटी लोक लाओचीच बोली बोलतात. 'ईसान' म्हणजे आपली ईशान्य! १८९३ मध्ये सयामने मेकाँगचा डावा काठ फ्रान्सला दिला आणि एका भाषेचे दोन तुकडे झाले. ईसानमधले मूल शाळेत थाई शिकते. घरची बोली लिहायची झालीच, तर थाई अक्षरांत लिहिते. इकडे लाओसमधल्या घराघरांत थाई दूरचित्रवाणी पाहिली जाते. अशा वेळी स्वतःची लिपी आणि स्वतःचे शुद्धलेखन हे लाओ माणसाला घराच्या कुंपणासारखे वाटले, तर नवल नाही. जी भाषा परक्या देशात अधिक बोलली जाते, तिला या देशाने राज्यभाषेचा मान दिला आहे.

कधी त्या देशी जाणे झाले तर 'सबायदी' म्हणून नमस्कार करा, आणि 'खॉप चाय' म्हणून आभार माना. सूर चुकलाच, तर समोरचा हसून म्हणेल, 'बॉ पेन न्यांग'. म्हणजे, असू दे हो, काही बिघडत नाही!